जयंतीचा बँड कोणाचा?

एप्रिल जवळ आला की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील वस्त्यांत वर्गणीच्या वह्या बाहेर पडतात. कारखान्यांचा गळीत हंगाम संपलेला किंवा संपत आलेला असतो, मजुरीचे चार पैसे हाती असतात, आणि चौदा एप्रिलची मिरवणूक कशी काढावी हा प्रश्न समितीपुढे येतो. सणसर असो, लासुर्णे असो, निमगाव केतकी असो वा माळेगाव, बैठकीतील वाद ठरलेला आहे. तरुणांना डॉल्बी हवी असते, वडीलधाऱ्यांना बँड हवा असतो. ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते, आणि कोणाचेही खरे झाले तरी पैसा भाड्यातच जातो. वर्गणी स्वतःच्या वाद्यांवर खर्च करावी, वस्तीतील मुलामुलींना ती शिकवावीत आणि मिरवणुकीपुढे आपलीच मुले वाजवीत चालावीत, ही सूचना क्वचित कोणी मांडतो. मांडलीच तर तिला एक ठराविक उत्तर मिळते : 'वाजवणे हे आपले काम नव्हे, ते आपण छप्पन साली सोडले.'

आमचे भांडण या उत्तराशी आहे. ते ऐकायला स्वाभिमानी वाटते, म्हणूनच त्याची झडती घेणे अगत्याचे आहे.

छप्पन साली आपण नेमके काय सोडले? गावगाड्याने हलगी, डफ आणि सनई ही वाद्ये मुख्यतः मातंगांच्या आणि कित्येक गावी महारांच्याही गळ्यात अडकवली होती. देवाची पालखी निघाली, वाजवा. पाटलाच्या घरी लग्न निघाले, वाजवा. वाजवणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती, मोल ठरवण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्या मांडवात त्याच्या वाद्याने शोभा आणली त्या मांडवात त्याला पाऊल टाकता येत नव्हते. हलगीला कातडे लागते आणि सनईला वाजवणाऱ्याची थुंकी लागते. ही दोन्ही विटाळाची कारणे, म्हणून वाद्य ज्याच्या हाती तो दूर उभा. ज्याच्या कलेवाचून मंगलकार्य अडते तोच अमंगळ, असा हा न्याय होता. हा न्याय आपण झुगारला. महाडला १९२७ साली मृत जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाच्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला. या साऱ्या लढ्यात शत्रू होती ती सक्ती. सूर आणि ताल यांच्याशी कोणाचेही वैर नव्हते.

वैर असते तर भीमराव कर्डकांचे जलसे झाले नसते. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून आयुष्य गाण्यात वेचले नसते. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकू लागले होते, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. वाद्य हाती धरणे म्हणजे गुलामगिरीकडे परतणे असे ज्यांना वाटते त्यांनी याचा उलगडा करावा.

आता या उत्तराची दुसरी बाजू पाहू. ती कडू आहे. वाजवणे आपण सोडले. वाजवून घेणे सोडले काय? लग्नात बँड हवा, जयंतीला बँड हवा, गृहप्रवेशाला बँड हवा. आणि तो कोण वाजवतो? या दोन तालुक्यांत लग्नाच्या बँडांत फुंकणारे पुष्कळसे ओठ मातंग बांधवांचे आहेत, काही ठिकाणी मुसलमान बांधवांचे आहेत. त्यांना आपण कसे वागवतो? सर्व पंगती उठल्यावर मांडवाच्या मागे पत्रावळी. 'ए बँडवाले' अशी हाक. उन्हात तीन तास वाजवल्यावर ठरलेल्या रकमेतून शेवटी शे-दोनशे कापून घेण्याची हिकमत. मिरवणुकीपुढे समतेची घोषणा आणि त्याच मिरवणुकीतील क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला पाण्यासाठी ताटकळत ठेवणे, हे दोन्ही एकाच रस्त्यावर चालते. गावाने काल आपल्याला जेथे बसवले होते तेथे आज आपण आपल्या शेजारच्या वाड्यातील माणसाला बसवतो आणि त्याला स्वाभिमान म्हणतो! 'ते आपले काम नव्हे' या वाक्याचा सरळ अर्थ 'ते त्यांचे काम आहे' असा होतो. आणि जन्मावरून काम वाटून देणाऱ्या व्यवस्थेचे नाव आम्ही येथे सांगावयास नको.

डॉल्बीचा निकाल थोडक्यात लावू. तीत कोणाचा अपमान होत नाही, कारण तीत माणूसच नसतो. एक ट्रॅक्टर, त्यावर भिंतीएवढे कर्णे, आणि पुढे नाचणारी तरुण पोरे, ज्यांतील किती जण त्या दिवशी पंचशीलातील पाचवे शील पाळतात हे समितीच्या सभासदांनी स्वतःला विचारावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि शासनाने खास सवलत दिलेले दिवस सोडता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ज्यांना आपली मिरवणूक डोळ्यांत खुपते त्यांच्या हाती ही मर्यादा ओलांडून आपण आयतेच हत्यार देतो. मागाहून गुन्हे दाखल होतात ते पोरांवर; भाडे घेऊन ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेला असतो.

याच दोन तालुक्यांतून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. बेलवाडीला आणि इंदापुरास रिंगण होते. त्या वाटेवरील श्रद्धेशी आम्हांस कर्तव्य नाही. परंतु क्रमांक लावलेल्या दिंड्या आपापली जागा न सोडता, टाळ आणि मृदंग यांच्या बळावर मैलोगणती चालतात, ही शिस्त रस्त्याच्या कडेला उभे राहून आपली मुले लहानपणापासून पाहत आली आहेत. आपल्या मिरवणुकीला ती का येऊ नये? समता सैनिक दल गणवेशात पावले मिळवून चालते तेव्हा बघणारा बाजूला सरकतो. त्या पावलांना सूर मिळाला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून वाद्ये घ्यावीत. कोणती घ्यावीत यावर आता बोलू, कारण समितीने मनात आणले तरी दुकानात पाऊल टाकताच ती चुकीच्या वस्तूला भुलण्याचा संभव फार आहे.

पहिला मोह बिगुलाचा. तो स्वस्त असतो आणि दिसतो लष्करी. परंतु बिगुलाला पिस्टन नसतात. ओठांच्या ताणावर त्यातून व्यवहारात पाचच स्वर निघतात. संचलनाचा इशारा द्यावयास तो उत्तम, पण त्यावर एकही भीमगीत पुरते वाजणार नाही. स्वरसप्तक हवे असेल तर तीन पिस्टनांचे वाद्य पाहिजे. त्यातील दुसरा पिस्टन दाबला की स्वर अर्ध्या पायरीने उतरतो, पहिल्याने पूर्ण पायरीने, तिसऱ्याने दीड पायरीने. तिघांच्या निरनिराळ्या जुळणीने मधली सर्व स्थाने भरून निघतात. हे मर्म सातवीतील मुलाला अर्ध्या तासात समजते.

दुसरा मोह ट्रंपेटचा. ट्रंपेटचा सूर धारदार व तेजस्वी, आणि सिनेमातून तो सर्वांच्या ओळखीचा. तथापि आमचा कौल कॉर्नेटला आहे. दोघांच्या नळीची लांबी जवळजवळ सारखीच असते, पण कॉर्नेटची नळी अधिक वेटोळी घेते, म्हणून वाद्य आखूड होते आणि बारा वर्षांच्या मुलीलाही ते छातीजवळ तोलून धरता येते. त्याची नळी हळूहळू रुंदावत जाणारी असल्याने सूर गोल व मवाळ निघतो; नवशिक्यांच्या हातून दहा चुका झाल्या तरी तो कान फाडत नाही. ट्रंपेट मागाहून घेता येईल.

त्याखाली दोन अल्टो हॉर्न आणि दोन युफोनियम घ्यावेत. युफोनियमविषयी चार शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण नवशिक्या समित्या नेमके तेच गाळतात. ते मिरवत नाही; वरच्या पट्टीत कॉर्नेट चमकत असता हे खालून भरीव आवाजात गाणे उचलून धरते. जे गीत पुरुषाच्या भरदार कंठासाठी बांधलेले आहे ते युफोनियमवर जितके खुलते तितके दुसऱ्या कोणत्याही पितळी वाद्यावर नाही. सर्वांच्या तळाशी एक सूझाफोन हवा, म्हणजे वाजवणाऱ्याच्या अंगाभोवती वेटोळे घालून खांद्यावर बसणारे ते मोठे वाद्य. पितळेचा सूझाफोन चांगला जड असतो. निमगाव केतकीपासून इंदापूरपर्यंत एप्रिलच्या उन्हात तो वाहून नेणाऱ्या मुलाची दया येत असेल तर फायबरग्लासचा पाहावा. ट्रोम्बोन सध्या नको. त्याला पिस्टन नाहीत, दांडा मागेपुढे सरकवून सात स्थाने कानाने शोधावी लागतात; शिवाय वस्तीच्या बोळात तो दांडा पुढच्याच्या पाठीत बसेल. सॅक्सोफोन दिसतो धातूचा, पण तो पत्तीवर वाजतो. त्याचे शिक्षण निराळे आणि पत्त्यांचा खर्च कायमचा.

अशा रीतीने पाच कॉर्नेट, दोन अल्टो हॉर्न, दोन युफोनियम, एक सूझाफोन, आणि त्यांच्या जोडीला दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल व एक झांजजोड एवढ्यात चौदा मुलांचे पथक उभे राहते. या निवडीत एक गोष्ट मुद्दाम साधली आहे. कॉर्नेटपासून सूझाफोनपर्यंत सर्व वाद्यांची बोटरचना एकच ठेवता येते. इंग्लंडमधील गिरण्यांच्या आणि खाणींच्या बँडांनी ही पद्धत रूढ केली. यॉर्कशायरच्या क्वीन्सबरी येथील ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ पासून चालत आलेला आहे, आणि त्यात फुंकणारे लोक गिरणीतलेच असत. अल्टो हॉर्नवरचा कामगार गावाबाहेर गेला तर कॉर्नेटवरचा त्याच्या जागी बसे, नव्याने काही शिकावे लागत नसे. माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर येथे साखर आणि यंत्रे यांच्यावर जगणाऱ्या वस्त्यांना हे उदाहरण परके वाटू नये. आपल्या पथकातही कोणी मूल एकाच वाद्याला जन्माचे बांधलेले नसावे. दर सहा महिन्यांनी जागा बदलाव्यात.

ढोलाविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. हल्लीच्या साइड ड्रमवर आणि मोठ्या ढोलावर बहुधा कातडे नसतेच, प्लॅस्टिकचा पडदा असतो. कातड्याच्या नावाने ज्यांनी शतकानुशतके नाक मुरडले त्यांची सबब कारखान्यानेच काढून घेतली. तरीही ढोल वाजवणाऱ्याकडे पाहण्याची नजर बदललेली नाही. विटाळ कातड्यात कधी नव्हताच, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

खरेदी कोठे करावी? भारतात पितळी वाद्यांचा मोठा बाजार मिरत शहरात, जाली कोठी भागात आहे. लष्करी बँडातील नादिर अली यांनी १८८५ साली काढलेली पेढी तेथलीच. तेथून दरपत्रक मागवावे आणि ते आपल्या समितीच्या मागील तीन वर्षांच्या डॉल्बीच्या पावत्यांशेजारी ठेवावे. यापुढे आम्हांला काही बोलण्याची गरज उरणार नाही. जुनी वाद्येही वाईट नसतात. डॉल्बीने कित्येक बँडवाल्यांचा धंदा बसवला आहे आणि त्यांची वाद्ये मोडीच्या भावात जाण्याची वेळ आली आहे. ती मोडीवाल्याच्या आधी आपण रास्त किमतीला घ्यावीत.

घेताना चकाकीवर जाऊ नये, मुलामा खाली काय आहे ते लपवतो. तिन्ही पिस्टन एकामागून एक भराभर दाबून सोडावेत. ते अडकता कामा नयेत, आणि घासल्याचा खरखराट ऐकू येता कामा नये. पिस्टन न दाबता त्याची छोटी नळी ओढून काढावी आणि मग तोच पिस्टन दाबावा. 'टप्' असा आवाज आला तर हवा धरली जाते, न आला तर पिस्टन झिजला आहे. कर्ण्याच्या तोंडावरील पोचा क्षम्य, पण माउथपीसलगतच्या नळीवरील पोचा सूर बिघडवतो. माउथपीस प्रत्येक मुलाचा स्वतंत्र असावा. हा आरोग्याचा नियम आहे, यात कोणी सोवळे-ओवळे शोधू नये. पिस्टनला त्याचेच तेल द्यावे. खोबरेल थंडीत गोठते. आणि घरातील तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासतात तशी ही वाद्ये घासू नयेत. कोमट पाणी व मऊ फडके पुरे.

आता आक्षेप. एक धार्मिक आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. उपोसथाच्या दिवशी जे अष्टशील घेतात त्यांनी नृत्य, गायन व वादन यांपासून दूर राहावे असे शील आहे, तेव्हा विहाराच्या आवारात बँड कसा? शील खरे आहे, आणि त्या दिवशी वाद्ये कपाटात राहावीत. परंतु उपासकाच्या नित्याच्या पंचशीलात वादनाचा निषेध नाही; मद्याचा मात्र आहे. ज्यांना डॉल्बीपुढील मद्याची चाल सोसते त्यांनी कॉर्नेटपुढे अष्टशील आडवे घालू नये.

दुसरा आक्षेप मुलींविषयीचा. फुंकण्याने मुलींच्या छातीवर ताण येतो, म्हणे. त्याच मुली ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर मोळ्या वाहतात तेव्हा हा कळवळा कोठे असतो? पथकात निम्म्या मुली असाव्यात, आणि सूझाफोन मुलगी मागेल तर तो तिलाच द्यावा.

तिसरा आक्षेप असा, की ही वाद्ये परकी, गोऱ्यांची. होय, ती कंपनीच्या पलटणींबरोबर आली, आणि म्हणूनच त्यांना आपल्या गावगाड्यात जागा ठरलेली नव्हती. कॉर्नेट कोणाच्या बलुत्यात लिहिलेला नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. त्या मुक्ततेनंतर न्यू ऑर्लीन्स शहरातील काळ्या लोकांनी परस्परसाह्याच्या मंडळ्या काढल्या, आणि त्या मंडळ्यांच्या मिरवणुकांपुढे व अंत्ययात्रांपुढे त्यांचेच पितळी बँड चालू लागले. मालकाच्या पलटणीचे वाद्य त्यांनी आपल्या मयताच्या सन्मानासाठी फुंकले. त्याच शहरात काळ्या मुलांच्या एका सुधारगृहात १९१३ साली धाडलेला एक मुलगा तेथील बँडात कॉर्नेट शिकला. पुढे लुई आर्मस्ट्राँग या नावाने जगाने त्याला डोक्यावर घेतले. आपल्या प्रत्येक वस्तीत आर्मस्ट्राँग निपजेल असे आम्ही म्हणत नाही. मुलांच्या हाती वाद्य द्यावयास तेवढे मोठे कारण लागत नाही.

रस्त्याचा प्रश्न याहून मोठा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला लोक रांगेने, शिस्तीने चवदार तळ्यावर चालत गेले. सार्वजनिक वाटेवरून चालणे हाच तेथे हक्काचा उच्चार होता. त्यानंतर १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने, ज्याचे नाव १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून मिरवणुकीस आडकाठी करणे दंडनीय ठरले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन वरात काढण्यास अथवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. संसदेला असे कलम २०१५ साली लिहावे लागते, यावरून रस्ता अजून पुरता आपला झालेला नाही हे उघड आहे. त्या रस्त्यावरून भाड्याचा ट्रॅक्टर नेणे आणि स्वतःच्या चौदा मुलामुलींचे पथक गणवेशात, पाऊल मिळवून, वेशीतून वाजवत नेणे, यांत अडवणाऱ्याला कोणते अधिक जड जाईल?

राहिला शिक्षकाचा प्रश्न, आणि तेथेच या सूचनेची खरी कसोटी आहे. शिकवणार कोण? पुण्याहून प्रमाणपत्रधारी माणूस आणण्याचा विचार कोणी करू नये. बारामतीत आणि इंदापुरात पंचवीस-तीस वर्षे बँड वाजवलेले मास्तर आहेत, ज्यांचे काम डॉल्बीने हिरावले. त्यांतील पुष्कळ मातंग समाजाचे आहेत. त्यांना बोलवावे. महिन्याचे मानधन लेखी ठरवावे आणि पहिल्या तारखेस द्यावे. मुलांनी त्यांना 'मास्तर' म्हणावे आणि थोरांनीही 'मास्तर' म्हणावे. जयंतीच्या सभेत त्यांची खुर्ची व्यासपीठावर, अध्यक्षांच्या रांगेत असावी, आणि जेवण पहिल्या पंगतीला. त्यांची मुले-नातवंडे पथकात येऊ इच्छीत असतील तर प्रवेश पहिला त्यांना. ज्या समितीला एवढे जमणार नाही तिने वाद्ये घेऊच नयेत. तिच्या कपाटात ती धूळ खात पडतील, आणि पडलेली बरी.

आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो. तीन महिने विहारात ग्रंथवाचनासाठी मुले तशीही जमतात; वाचन आटोपल्यावर तासभर पटांगणात सराव व्हावा, पावसाच्या दिवशी शाळेच्या पडवीत. पहिला महिना नुसते माउथपीस फुंकण्यात जाईल आणि शेजारी तक्रार करतील. विजयादशमीपर्यंत दोन चाली बसतील, चौदा एप्रिलपर्यंत सहा. मागणी जूनच्या आधी नोंदवावी, कारण पार्सल येण्यास वेळ लागतो आणि आलेल्या वाद्यांपैकी एखादे बदलून घ्यावे लागते. कपाटाला दोन किल्ल्या असाव्यात, एक मास्तरांकडे आणि दुसरी मुलींपैकी एकीकडे. समितीच्या अध्यक्षाकडे एकही नको.